मराठी प्रदेशातील ग्रंथपालांचे प्रशिक्षण : प्रत्यक्ष वर्गापासून दूरस्थ पाठापर्यंत

१

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना तेथील चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरामुळे आणि किल्ल्यामुळे परिचित आहे. अशा एखाद्या गावच्या वाचनालयात या मंदिराविषयीची एक पुस्तिका आली, असे समजू. ती कोणत्या कपाटात ठेवावयाची, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. ड्यूईच्या दशांश पद्धतीप्रमाणे धार्मिक वास्तूंचे स्थापत्य ७२६ या वर्गांकाखाली येते, हिंदू धर्म २९४.५ खाली येतो आणि भारताचा इतिहास ९५४ खाली. पुस्तिकेतील विवेचनाचा रोख शिल्पाकडे आहे, क्षेत्रमाहात्म्याकडे आहे की स्थानिक इतिहासाकडे, हे पाहून निर्णय करावा लागतो. तो चुकला तर पुस्तिका कपाटात असूनही मागणाऱ्याच्या हाती पडत नाही. गावातील विद्यार्थी आपल्याच गावाची माहिती मिळविण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जातो आणि ती मात्र गावातच पडून राहते.

असा निर्णय करण्याची पात्रता उपजत नसते. ती शिक्षणाने येते. हे शिक्षण देण्याची व्यवस्था मराठी भाषकांच्या प्रदेशात शतकाहून अधिक काळ या ना त्या स्वरूपात होत आली आहे. प्रारंभी प्रत्यक्ष वर्ग होते, पुढे टपालाने पाठ जाऊ लागले आणि आता संगणकाच्या वा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून शिक्षण मिळू लागले आहे. या नव्या शिक्षणाचे दोन प्रकार आहेत. शिक्षक व शिकणारा एकाच वेळी पडद्यासमोर असतात, तो थेट वर्ग. आणि शिकणारा आपल्या सवडीने ध्वनिमुद्रित व लिखित पाठ पुरे करतो, ते स्वगतीचे अध्ययन. दोहोंचा इतिहास पाहिला असता एक गोष्ट ठळकपणे दृष्टीस पडते. साधन प्रत्येक वेळी बदलले. परंतु दूरच्या गावातील ग्रंथपालाची अडचण त्याच्या भाषेत आणि वेळेवर कोणी सोडवावयाची, हा प्रश्न दर पिढीस नव्याने पुढे आला.

२

ग्रंथालये मराठी मुलुखात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच निघाली. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ सालचे, तर पुणे नगर वाचन मंदिराचा आरंभ १८४८ सालचा. शतकाच्या अखेरीस ठाण्यास १८९३ मध्ये आणि मुंबईस १८९८ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली. या संस्था लोकांच्या उत्साहावर उभ्या राहिल्या. त्यांच्या कारभाऱ्यांपाशी ग्रंथप्रेम विपुल होते. शास्त्रीय शिक्षणाची मात्र सोय नव्हती.

ती सोय प्रथम झाली बडोदे संस्थानात. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना पाचारण केले. बोर्डन १९१० साली बडोद्यास आले व १९१३ पर्यंत तेथे राहिले. त्यांच्या देखरेखीखाली १९११ साली ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग सुरू झाला. हिंदुस्थानातील ग्रंथपाल-प्रशिक्षणाचा प्रारंभ सामान्यतः याच वर्गापासून मानतात. अमेरिकेत मेल्व्हिल ड्यूई यांनी कोलंबिया महाविद्यालयात अशा शिक्षणाची पहिली शाळा १८८७ साली उघडली होती. म्हणजे अवघ्या चोवीस वर्षांत ही कल्पना बडोद्यापर्यंत येऊन पोहोचली.

बडोद्याच्या प्रयोगातील दोन गोष्टी आजच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहेत. पहिली, वर्गाच्या जोडीला नियतकालिकाची योजना. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक निघू लागले आणि त्यात इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी मजकूरही येत असे. वर्ग संपवून आपल्या गावी परतलेल्या ग्रंथपालास पुढील शिक्षण घरबसल्या आणि आपल्या भाषेत मिळावे, अशी सोय त्यामुळे झाली. दुसरी गोष्ट, ग्रंथालय खात्याची दृक्-शिक्षणाची शाखा. निरक्षरांनाही ज्ञानाचा लाभ व्हावा म्हणून चित्रफिती व चित्रे दाखविण्याचे काम ही शाखा करीत असे. म्हणजे मजकूर, चित्र आणि प्रत्यक्ष शिक्षक ही तिन्ही अंगे बडोद्यास एकाच खात्याच्या छत्राखाली आली होती.

बडोद्यानंतर १९१५ साली लाहोरास पंजाब विद्यापीठात आसा डॉन डिकिन्सन यांनी वर्ग घेतला आणि त्यासाठी एक पाठ्यपुस्तकही लिहिले. मद्रासेस ग्रंथालय संघाने १९२९ साली उन्हाळी वर्ग उघडला. दोन वर्षांनी तो विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. या वर्गामागील प्रेरणा होती डॉ. शि. रा. रंगनाथन यांची. त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे १९३१ साली आणि द्विबिंदू वर्गीकरण १९३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. उन्हाळी वर्गाची कल्पना नोकरीत असलेल्या माणसाच्या सोयीची होती. शाळा-महाविद्यालयांच्या सुटीत ग्रंथपालास रजा मिळणे सुलभ होते. काम न सोडता शिकता यावे, हा आजच्या दूरस्थ शिक्षणाचा हेतू त्या योजनेत बीजरूपाने होताच.

मुंबई इलाख्यात आ. अ. अ. फैजी यांच्या अध्यक्षतेखालील समिती १९३९ साली नेमली गेली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावच्या ग्रंथालयापर्यंत एक साखळी निर्माण करण्याची योजना तिने १९४० च्या अहवालात मांडली. गावोगाव ग्रंथालय म्हटले की गावोगाव ग्रंथपाल आला आणि त्याचे शिक्षणही आले. पुढे मुंबई, नागपूर, पुणे येथील विद्यापीठांतून ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक्रम सुरू झाले. परंतु ते मुख्यतः पदवीधरांसाठी आणि बव्हंशी इंग्रजीतून होते. खेड्यातील वाचनालय चालविणाऱ्या माणसाला त्यांचे दार बहुधा बंदच राहिले.

मराठी ग्रंथव्यवहाराचा पाया घालणारे एक महत्त्वाचे काम या अभ्यासक्रमांच्या बाहेर, एका व्यक्तीच्या चिकाटीने झाले, याचीही येथे नोंद केली पाहिजे. शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ साली प्रसिद्ध झाली. १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ साली आला. मराठी ग्रंथाची नोंद कशी करावी, याचे हजारो नमुने या सूचीत एकत्र मिळतात. ज्याला कोणताही वर्ग लाभला नाही, अशा ग्रंथपालाच्या दृष्टीने ही सूची म्हणजे स्वगतीने शिकण्याचे उत्तम साधन होय.

३

मराठवाड्याची परिस्थिती याहून निराळी होती. हा प्रदेश हैदराबाद संस्थानात असल्यामुळे फैजी समितीच्या योजनेची कक्षा येथपर्यंत पोहोचत नव्हती. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. अशा स्थितीत मराठी वाचनालय हे पुस्तकांच्या देवघेवीपुरते स्थान राहिले नाही. ते भाषेच्या अस्तित्वाचे स्थान झाले. हैदराबाद शहरात १९२२ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय या जाणिवेचेच फळ होते. वाचनालयाचे काम शिक्षक, वकील व तरुण कार्यकर्ते अंगावर घेत. त्यांची निष्ठा वादातीत होती, पण दाखल नोंदवही कशी ठेवावी, तालिका कशी करावी, हे त्यांना शिकविणारे कोणी नव्हते.

१९४८ च्या सप्टेंबरात संस्थान मुक्त झाले. १९५५ साली हैदराबाद राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. परंतु पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. अशा रीतीने बीड जिल्ह्यातील वाचनालयांनी बारा वर्षांच्या आत चार राजवटी पाहिल्या. ग्रंथालयव्यवस्थेसारखी मंद गतीने रुजणारी गोष्ट अशा स्थित्यंतरात कशी रुजावी? १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाल्यानंतरच या विभागाला स्वतःचे उच्च शिक्षणाचे केंद्र लाभले.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला व पुढील वर्षी अंमलात आला. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, त्याने ग्रंथालय-कर बसविला नाही. लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना मान्यता व अनुदान देण्याचा मार्ग स्वीकारला. १९७० च्या नियमांनी ही ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागली गेली. पुढे अशा ग्रंथालयांची संख्या दहा हजारांच्या वर गेली. त्यांतील बहुसंख्य लहान गावांतील असून तेथे एकच माणूस ग्रंथपाल, लेखनिक आणि शिपाई अशी तिन्ही कामे करतो. याच माणसासाठी जिल्हा ग्रंथालय संघांच्या वर्गांतून मराठी माध्यमाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालू झाला. पदवीची अट नसलेला, आपल्या जिल्ह्यात आणि आपल्या भाषेत मिळणारा हा अभ्यासक्रम ग्रामीण ग्रंथपालाला खरोखरी उपयोगी पडला. मात्र जिल्हा लहान नसतो. धर्मापुरीहून बीडला वर्गासाठी जावयाचे म्हणजे एक दिवस मोडतो आणि त्या दिवशी वाचनालयाचे दार बंद राहते.

४

या अडचणीवर पहिला व्यापक उपाय मुक्त विद्यापीठांनी काढला. हैदराबादेस १९८२ साली आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ, दिल्लीस १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि नाशिकास १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. दिल्लीच्या विद्यापीठाने १९८९ साली ग्रंथालयशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने सुरू केला. नाशिकच्या विद्यापीठाने हेच शिक्षण मराठीतून उपलब्ध केले.

मुक्त विद्यापीठाच्या पाठाची रचना पूर्वीच्या पाठ्यपुस्तकाहून वेगळी असते. पाठाचे छोटे घटक पाडलेले असतात. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये प्रश्न आणि शेवटी उत्तरे दिलेली असतात. वाचणाऱ्याने आपली प्रगती आपणच तपासावी, अशी ही योजना. तिच्या जोडीला अभ्यासकेंद्रावर ठराविक दिवशी संमंत्रक भेटतो व शंकांचे निरसन करतो. पुढे नभोवाणी व दूरचित्रवाणी यांचाही उपयोग झाला; दिल्लीच्या विद्यापीठाच्या नभोवाणी कार्यक्रमांत श्रोत्याला दूरध्वनीवरून तज्ज्ञास प्रश्न विचारता येऊ लागला. अलीकडे ज्यांना स्वगतीचे पाठ व थेट वर्ग म्हणतात, त्यांची जोडी या व्यवस्थेत पूर्णपणे सिद्ध झालेली दिसते. फरक एवढाच की, पाठ टपालाने येई आणि वर्गासाठी प्रवास करावा लागे.

५

संगणकजालाने टपाल आणि प्रवास हे दोन्ही वगळले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने १९९६ साली ग्रंथालयशास्त्राचा जो दूरस्थ अभ्यासक्रम सुरू केला, त्यात ठराविक वेळी होणारे थेट वर्ग, सवडीने करावयाचे अध्ययन आणि विद्यापीठातील अल्पकालीन प्रत्यक्ष वास्तव्य यांचा मेळ घातला होता. प्रथम प्रत्यक्ष ओळख व्हावी आणि मग दुरून शिकावे, हा त्यातील विचार. २००३ साली अमेरिकेतच ‘वेबजंक्शन’ या नावाने ग्रंथालय-सेवकांच्या प्रशिक्षणाचे एक स्थान निर्माण झाले. लहान गावातील ग्रंथालयाचा सेवक डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या या योजनेत पदवीपेक्षा दैनंदिन कामाला महत्त्व होते.

भारतात विद्यापीठीय ग्रंथालयांना जोडणारी ‘इन्फ्लिबनेट’ ही योजना १९९१ साली पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेच्या आश्रयाने सुरू झाली. १९९६ साली ती स्वतंत्र संस्था बनली. तिने तयार केलेली ‘सोल’ ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली महाविद्यालयांतून पसरली आणि ती वापरण्याचे शिक्षण देणे क्रमप्राप्त झाले. ‘ई-पीजी पाठशाला’ या उपक्रमात ग्रंथालयशास्त्राचे पदव्युत्तर पाठ सर्वांस खुले झाले. जुलै २०१७ मध्ये ‘स्वयम्’ या राष्ट्रीय व्यासपीठाचे उद्घाटन झाले. त्याच्या प्रत्येक अभ्यासक्रमाची चार अंगे ठरलेली आहेत : चित्रमुद्रित व्याख्यान, वाचनसामग्री, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. १९१२ च्या बडोद्यातील मजकूर, चित्र व शिक्षक यांचे दूरचे नाते या रचनेशी सहज जुळते.

तथापि या साधनांचा सार्वत्रिक प्रसार एका आपत्तीने घडविला. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशभर टाळेबंदी झाली आणि ग्रंथालयांची दारे बंद झाली. त्या काळात ‘झूम’, ‘गूगल मीट’ अशा साधनांवरून व्याख्याने, कार्यशाळा व चर्चासत्रे यांना भरती आली. वेबिनार हा शब्द त्याच सुमारास मराठीत सर्वतोमुखी झाला. ज्यांना पूर्वी पुण्या-मुंबईच्या परिषदांस जाणे परवडत नव्हते, त्यांना घरबसल्या मान्यवर तज्ज्ञांची व्याख्याने ऐकावयास मिळाली, हा लाभ मोठाच होता. पण उणिवाही लपून राहिल्या नाहीत. बिनामूल्य सेवेतील सभा चाळीस मिनिटांत आपोआप संपे. श्रोते बहुधा आपला ध्वनी आणि चित्र बंद ठेवून बसत. शेवटी काही प्रश्नांचे पत्रक भरले की प्रमाणपत्र विद्युत्-टपालाने येई. अशा प्रमाणपत्रांची चळत जमणे आणि तालिकापत्र अचूक करता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीने दुसरीची जागा घेतली, तर प्रशिक्षण हे नुसते हजेरीपत्रक होईल.

६

मराठी ग्रंथपालाला शिकावयाचे असते ते काय, हे पाहिल्यावाचून या साधनांचे मोल ठरविता येणार नाही. वर्गीकरणाची मूलतत्त्वे, दाखल नोंदवहीचे रकाने, देवघेवीची पद्धत, संगणकप्रणालीच्या आज्ञा या गोष्टी निश्चित आहेत. त्या मुद्रित पाठातून पुनःपुन्हा पाहून शिकता येतात. किंबहुना अशा विषयांत स्वगतीचा पाठ थेट वर्गापेक्षा सरस ठरतो; कारण न समजलेला भाग मागे जाऊन पाहण्यास कोणाची परवानगी लागत नाही. रात्री वाचनालय बंद केल्यानंतर अर्धा तास शिकणाऱ्या माणसाला हीच रीत सोयीची आहे.

परंतु मराठी ग्रंथ हाती घेताच असे प्रश्न उद्भवतात की, ज्यांची उत्तरे इंग्रजी पाठात सापडत नाहीत. धर्मापुरीच्या परिसरातीलच उदाहरणे घेऊ. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत यांचे आडनाव देशपांडे. आधुनिक लेखकाची नोंद आडनावाखाली करावी, हा नियम येथे यांत्रिकपणे लावला तर दासोपंत ‘देशपांडे’ या शीर्षकाखाली जातील आणि कोणाही वाचकास सापडणार नाहीत. याच दासोपंतांनी पंचीकरणाचा विषय एका लांबलचक वस्त्रावर लिहिला. ‘पासोडी’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या या वस्त्राची नोंद ग्रंथ म्हणून करावी, हस्तलिखित म्हणून करावी की वस्तू म्हणून? मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’चा काळ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८, असा परंपरेने मानतात, पण त्यांचे स्थळ अंबाजोगाई की विदर्भातील अंभोरा, याविषयी मतभेद आहे. स्थानिक लेखकांच्या यादीत त्यांचे नाव घालणाऱ्या ग्रंथपालाने हा वाद टिपेत नोंदविला पाहिजे.

संगणकाने या प्रश्नांत आणखी भर घातली. ‘ज्ञ’ हे जोडाक्षर बाराखडीच्या शेवटी येते, असे शाळेत शिकवितात. संगणक मात्र ते ज आणि ञ यांचा संयोग म्हणून ओळखतो आणि ‘ज्ञानेश्वरी’ ज-च्या गटात लावतो. ज्याने ह आणि ळ नंतर ती शोधली, त्याला ती मिळत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधील खोलगट भाग. या दोहोंतील र-काराचा भेद टंकलेखनात हरवला तर भूगोलाचे पुस्तक भलत्याच शब्दाखाली नोंदले जाते. ‘ग्रंथ’ आणि ‘ग्रन्थ’ हे वाचकाला एकच वाटले तरी यंत्राच्या लेखी दोन आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली स्वीकारले गेले; त्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘कांहीं’ असे छापलेले आहे आणि वाचक शोधतो ‘काही’. युनिकोडपूर्व टंकांत केलेल्या नोंदी तर नव्या प्रणालीत निरर्थक चिन्हे होऊन उमटतात.

या सर्व अडचणींत एक साम्य आहे. येथे नियम ठाऊक असून भागत नाही. समोरच्या विशिष्ट पुस्तकाविषयी निर्णय करावा लागतो. असा निर्णय शिकविण्याचे स्थान म्हणजे थेट वर्ग. ग्रंथपालाने पुस्तकाचे शीर्षकपृष्ठ पडद्यावर दाखवावे, आपली नोंद वाचून दाखवावी, इतरांनी हरकत घ्यावी आणि शिक्षकाने कारण सांगून निवाडा करावा. पन्नास-शंभर श्रोत्यांच्या व्याख्यानात हे साधणार नाही. दहा-बारा जणांच्या मराठीतून चालणाऱ्या वर्गातच साधेल. व्याख्यानासाठी थेट वेळ खर्च करणे आणि शंकांसाठी विद्यार्थ्यास मुद्रित पाठाकडे पाठविणे, ही आज पुष्कळ ठिकाणी दिसणारी रीत नेमकी उलटी आहे.

परिभाषेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. भाषा संचालनालयाचा ग्रंथालयशास्त्राचा परिभाषा कोश उपलब्ध आहे. ‘दाखल नोंद’, ‘वर्गांक’, ‘तालिका’, ‘देवघेव’ हे शब्द ग्रंथालयांत रुळले आहेत. संगणकप्रणालींच्या बाबतीत मात्र आज्ञा इंग्रजीत, स्पष्टीकरण अर्धे इंग्रजीत आणि काम मराठी पुस्तकाचे, असा त्रिविध व्यवहार चालतो. शिकणारा कळ कोणती दाबावयाची ते पाठ करतो. ती का दाबावयाची ते त्यास उमगत नाही. प्रणालीची नवी आवृत्ती आली की पाठ केलेले सारे निरुपयोगी होते. भाषेतून समजलेले तत्त्व मात्र प्रणाली बदलली तरी टिकून राहते.

७

वरील इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. बडोद्याने वर्गाला मराठी नियतकालिकाची जोड दिली. मुक्त विद्यापीठाने मराठी पाठाला संमंत्रकाची जोड दिली. जेथे ही दोन्ही अंगे एकत्र आली, तेथे शिक्षण गावापर्यंत पोहोचले. मराठवाड्यासारख्या प्रदेशात ती दीर्घकाळ एकत्र आली नाहीत, म्हणून तेथील वाचनालये निष्ठेवर चालली आणि त्यांचे संग्रह अव्यवस्थित राहिले. दूरस्थ साधनांमुळे ही उणीव भरून काढण्याची संधी प्रथमच मिळाली आहे. तिचा उपयोग व्हावयाचा तर प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचे पाठ मराठीत ध्वनिमुद्रित होऊन सर्वांस खुले व्हावयास हवेत. त्यांतील उदाहरणे मराठी ग्रंथांची हवीत. आणि प्रत्येक तालुक्यातील ग्रंथपालांच्या लहान गटास आठवड्यातून एकदा, वाचनालय बंद झाल्यानंतरच्या वेळी, प्रश्न विचारण्याजोगा शिक्षक थेट भेटावयास हवा. विद्यापीठांच्या ग्रंथालयशास्त्र विभागांनी मराठी विभागांच्या सहकार्याने हे काम हाती घेतल्यास ते फारसे खर्चाचे नाही.

केदारेश्वर मंदिराचा इतिहास लिहिणारे संशोधक पुढेही होतील. त्यांचे लेखन धर्मापुरीतल्याच मुलांच्या हाती पडावयाचे की नाही, हे मात्र त्या गावातील ग्रंथपालाला त्यावर कोणता वर्गांक घालता येतो, यावर अवलंबून राहणार आहे.